दैनंदिन जीवनाचे छायाचित्रण : विद्यार्थ्यांसाठी पाच पाठ

रिकामा दिसणारा रस्ता

इ. स. १८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिस शहरातील आपल्या कामाच्या जागेच्या खिडकीतून ‘बुलेव्हार द्यु तांप्ल’ या हमरस्त्याचे छायाचित्र घेतले. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ते उमटले होते. घरांच्या खिडक्या, धुराडी, कडेची झाडे हे सर्व त्यात रेखीव दिसते. परंतु एरवी गजबजलेला तो रस्ता चित्रात जवळजवळ निर्मनुष्य आहे. घोडागाड्या नाहीत, पादचारी नाहीत. डाव्या बाजूला खालच्या भागात एक पाय वर ठेवून उभा असलेला एक माणूस तेवढा दिसतो. तो आपल्या जोड्यांना पॉलिश करून घेत आहे. मनुष्याची आकृती ज्यात ओळखू येते अशा उपलब्ध छायाचित्रांत हे सर्वांत जुने मानले जाते. तारायंत्रामुळे प्रसिद्धी पावलेले सॅम्युएल मोर्स यांनी १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची चित्रे पाहिली, तेव्हा सतत वाहता असलेला रस्ता ओस दिसतो आणि बूट साफ करून घेणारा तेवढा एकच दिसतो, ही गोष्ट त्यांनी आपल्या पत्रात आवर्जून नोंदविली.

असे का झाले, हे साध्या गणिताने कळते. त्या काळचा पत्रा प्रकाशाला फार मंदपणे प्रतिसाद देत असे. त्यामुळे भिंग काही मिनिटे उघडे ठेवावे लागे. ही मुदत चार मिनिटे, म्हणजे २४० सेकंद धरू. साधारण चालीचा माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर चालतो. चार मिनिटांत तो सुमारे ३३६ मीटर जातो, अर्थात चित्राच्या एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने केव्हाच बाहेर पडतो. त्याच्या शरीराची रुंदी अर्धा मीटर मानली, तर कोणत्याही एका जागी तो एक तृतीयांश सेकंदाच्या आसपासच असतो. उरलेला सर्व वेळ तेथून रस्त्याच्या फरसाचाच प्रकाश पत्र्यावर येत राहतो. एकूण प्रकाशात त्या माणसाचा वाटा सहाशे भागांत एका भागाहूनही कमी. तो डोळ्यांना कसा दिसावा? पॉलिश करून घेणारा मात्र त्या मानाने स्थिर उभा राहिला, म्हणून तो उरला. त्याच्या पायाशी बसलेला कष्टकरी हलत होता; त्याची आकृती पुसट आहे.

छायाचित्रण शिकू इच्छिणाऱ्याने हे चित्र प्रथम अभ्यासावे. कॅमेऱ्याचे प्रत्येक तंत्र, ते कितीही निरुपद्रवी वाटो, चित्रात कोण उरणार आणि कोण गळणार याचा निवाडा करीत असते. विद्यार्थ्याला तंत्र ठाऊक नसेल तर हा निवाडा यंत्र परस्पर करून टाकते. तंत्र ठाऊक असेल तर निवाडा त्याचा होतो आणि त्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. पुढील पाच पाठांचा हेतू हाच आहे.

विषय कोठे शोधावा

‘दैनंदिन जीवन’ हा विषय अभ्यासक्रमात नेमलेला असला की पुष्कळ विद्यार्थी यात्रेला, किल्ल्यावर किंवा दूरच्या खेड्यात जाण्याचे बेत करू लागतात. अपरिचित माणसे त्यांना चित्रासारखी वाटतात, आणि याच ठिकाणी पहिली चूक होण्याचा संभव असतो.

आपल्या देशात छायाचित्रणाचे शिक्षण पुरातन म्हणावे इतके जुने आहे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रण मंडळ स्थापन झाले आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. परंतु त्याच शतकात या कलेचा दुसराही उपयोग होत होता. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ सरकारी आश्रयाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. चित्रातील माणूस तेथे प्रामुख्याने एका गटाचा नमुना म्हणून उभा आहे. संग्रहालयातील फुलपाखरास चिठ्ठी लावावी तशी त्यास चिठ्ठी लावलेली आहे. त्याचा दिवस कसा जात होता, याचा पत्ता त्या चित्रांवरून क्वचितच लागतो.

याच्या अगदी उलट उदाहरण होमाई व्यारावाला यांचे आहे. १९१३ साली नवसारी येथे जन्मलेल्या होमाई मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकत होत्या. कॅमेरा हाताळण्यास त्यांनी माणेकशॉ व्यारावाला यांच्या साहाय्याने आरंभ केला. पुढे त्या दोघांचा विवाह झाला. विद्यार्थिदशेत त्यांनी विषयासाठी दूर धाव घेतली नाही. कलाशाळेतील मैत्रिणी, महिला मंडळाची सहल, मुंबईचे रस्ते आणि तेथील कामकरी माणसे हेच त्यांचे विषय होते. सहलीची त्यांची चित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या पत्राने छापली, तेव्हा प्रत्येक चित्रास एक रुपया मोबदला मिळाला. मुंबईच्या दैनंदिन जीवनावरील त्यांची पुष्कळ चित्रे ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’मध्ये प्रारंभी माणेकशॉ यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. १९४२ साली त्या दिल्लीस गेल्या. स्वातंत्र्याच्या काळातील थोर घटनांची त्यांची चित्रे सर्वपरिचित आहेत. २०११ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान लाभला आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले. मोठ्या घटनांकडे पाहणारी त्यांची नजर लहान घटना पाहता पाहता तयार झाली होती, ही गोष्ट विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तेव्हा विषय घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर शोधावा. चांभाराची बैठक, शिंप्याचे दुकान, पिठाची गिरणी, सार्वजनिक नळ, बसथांबा यांपैकी एकच जागा निवडावी आणि तेथे सकाळी, दुपारी व संध्याकाळी निदान एकदा तरी जावे. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच ठेवावा. काम कसे चालते, ऊन कोठून येते, कोण केव्हा येतो, हे आधी डोळ्यांनी पाहावे.

पहिला पाठ : काल

फिल्म असो वा आजच्या कॅमेऱ्यातील विद्युत्‌संवेदक, त्यावर ठराविक प्रकाश पडला तरच चित्र नीट उमटते. प्रकाश पडू देण्याच्या या क्रियेस उद्भासन म्हणतात. बादली भरण्यासाठी तोटी किती उघडायची आणि किती वेळ उघडी ठेवायची हे ठरवावे लागते, तसेच येथे आहे. भिंगाचे छिद्र ही तोटी. झडप, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील शटर, किती वेळ उघडे राहते हा काल. आणि फिल्मची किंवा संवेदकाची संवेदनक्षमता हा बादलीचा आकार. ही संवेदनक्षमता आयएसओ अंकाने दाखवितात. अंक दुप्पट झाला की निम्मा प्रकाश पुरतो.

शटरचे काल साधारणतः १/१५, १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० सेकंद असे असतात. प्रत्येक पायरीला काल निम्मा, म्हणून प्रकाशही निम्मा होतो. कोणता काल घ्यावा, हे विषयाच्या गतीवरून ठरते. एक सायकलस्वार सेकंदाला ५ मीटर वेगाने कॅमेऱ्यासमोरून आडवा जात आहे आणि तो ५ मीटर अंतरावर आहे, असे समजू. भिंगाचे केंद्रांतर ५० मिलिमीटर असेल, तर फिल्मवरील त्याची प्रतिमा मूळच्या सुमारे शंभराव्या हिश्शाएवढी असते आणि ती सेकंदाला ५० मिलिमीटर सरकते. १/६० सेकंदात ती ०.८ मिलिमीटर सरकेल. फिल्मच्या चौकटीची रुंदी ३६ मिलिमीटर असते; चित्र आठपट मोठे छापले तर हा घोटाळा साडेसहा मिलिमीटर होईल आणि स्वाराचा चेहरा ओळखू येणार नाही. १/५०० सेकंदात प्रतिमा ०.१ मिलिमीटरच सरकते. छापील चित्रात तो दोष एका मिलिमीटरच्या आतच राहतो. तोच स्वार समोरून कॅमेऱ्याकडे येत असेल तर प्रतिमा बाजूला फारशी सरकत नाही आणि यापेक्षा पुष्कळ दीर्घ कालही चालतो.

परंतु गती गोठविली म्हणजे चित्र खरे झाले, असे समजू नये. शिंपी शिवणयंत्र चालवीत असताना १/१००० सेकंदात घेतलेल्या चित्रात सुई, चाक व हात सर्व निश्चल दिसतात; पाहणाऱ्यास वाटते, यंत्र बंद आहे आणि शिंपी स्वस्थ बसला आहे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून १/१५ सेकंदात चित्र घेतले, तर डोके स्थिर असल्याने चेहरा स्पष्ट येतो, आणि चाक व बोटे यांच्या ठिकाणी गतीची धूसर रेषा उमटते. काम चालू आहे, हे दुसरे चित्र सांगते. तिसरा मार्गही आहे. १/३० सेकंद काल ठेवून सायकलस्वाराबरोबर कॅमेरा त्याच वेगाने फिरवीत चित्र घेतले, तर स्वार बऱ्याच अंशी स्पष्ट राहतो आणि मागचा रस्ता आडव्या रेघांत विरून जातो.

अभ्यास : एकाच कामाची १/१५, १/१२५ आणि १/१००० सेकंद अशी तीन चित्रे घ्यावीत. प्रत्येक वेळी छिद्र किंवा आयएसओ बदलून प्रकाशाचा तोल सांभाळावा. तिन्ही चित्रे शेजारी ठेवून, कोणत्या चित्रात काम दिसते आणि कोणत्या चित्रात केवळ माणूस दिसतो, हे दोन ओळींत लिहावे.

दुसरा पाठ : छिद्र आणि स्पष्टतेची खोली

भिंगाच्या छिद्राचे माप एफ/२, एफ/२.८, एफ/४, एफ/५.६, एफ/८, एफ/११, एफ/१६ असे लिहितात. केंद्रांतरास या अंकाने भागिले असता छिद्राचा व्यास मिळतो. म्हणून अंक जितका मोठा तितके छिद्र लहान. ५० मिलिमीटरच्या भिंगात एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटर व्यास, तर एफ/१६ म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते. यास्तव अंकांची ही मालिका १.४ पटींनी चढते आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो.

छिद्र लहान केल्याने प्रकाश घटतो, पण त्यासोबत आणखी एक गोष्ट बदलते. ज्या अंतरावर भिंग जुळविलेले असते त्याच्या पुढेमागे काही भागही डोळ्यांना स्पष्ट वाटतो. त्यास स्पष्टतेची खोली म्हणता येईल. ५० मिलिमीटरचे भिंग ३ मीटर अंतरावर बसलेल्या चांभारावर जुळविले आहे, असे मानू. एफ/२ असता सुमारे २.८ पासून ३.२ मीटरपर्यंतचा, म्हणजे जेमतेम हातभर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एफ/८ असता २.३ पासून ४.२ मीटरपर्यंतचा भाग येतो. एफ/१६ असता १.९ पासून ७.१ मीटरपर्यंतचा, म्हणजे चांभाराची हत्यारे, त्याच्यापुढे पाय टेकून उभे असलेले गिऱ्हाईक आणि मागचा रस्ता, एवढे सर्व स्पष्ट होते.

आता प्रश्न असा की, कोणते चित्र घ्यावे? मागची बाजू पुसून टाकली की चेहरा उठून दिसतो आणि चित्र आकर्षक होते. म्हणून विद्यार्थी सहसा मोठे छिद्र पसंत करतात. तथापि त्या पुसलेल्या भागात चांभाराचे सगळे जग असते. त्याची बैठक बँकेच्या दाराशी आहे की नाल्याच्या कठड्याला टेकून आहे, डोक्यावर छत्री आहे की फाटके पोते, हे कळेनासे होते. एफ/२ मधील चांभार कोणत्याही गावचा असू शकतो; एफ/१६ मधील चांभारास पत्ता असतो. विषय चेहऱ्यावरील भाव हा असेल तर पहिले चित्र योग्य. विषय त्याचा दिवस हा असेल तर दुसरे.

लहान छिद्राची किंमत मात्र द्यावी लागते. भर उन्हात एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो : छिद्र एफ/१६ ठेवावे आणि शटरचा काल आयएसओ अंकाच्या व्यस्ताइतका घ्यावा. आयएसओ १०० असता हा काल १/१०० किंवा त्याच्याजवळचा १/१२५ सेकंद होतो. उघड्या सावलीत प्रकाश सुमारे तीन पायऱ्यांनी कमी असतो. तेथे एफ/१६ कायम ठेवावयाचे तर काल १/१५ सेकंदापर्यंत वाढवावा लागेल आणि हातोडीचा हात पुसट होईल. किंवा आयएसओ ८०० करावा लागेल आणि चित्रात कणीदारपणा वाढेल. फुकट काहीच मिळत नाही. काय सोडावयाचे हे समजून सोडणे, यातच कौशल्य आहे.

मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याविषयी येथे एक सूचना आवश्यक आहे. त्याचे भिंग व संवेदक फार लहान असल्याने त्याची स्पष्टतेची खोली स्वभावतःच मोठी असते. व्यक्तिचित्र घेताना फोन मागची बाजू धूसर करून देतो, ती बहुधा गणनेने केलेली असते. यंत्र माणसाची कड शोधून तिच्या पलीकडचे पुसून टाकते. केसांच्या बटा, चष्म्याची काडी, हातातील सुईदोरा अशा बारीक वस्तू या पुसण्यात नाहीशा होण्याचा संभव असतो. अभ्यासासाठी चित्रे घेताना ही सोय बंद ठेवावी.

तिसरा पाठ : अंतर

दूरचे दृश्य जवळ आणणारे लांब केंद्रांतराचे भिंग गर्दी दाट करते, असे पुष्कळदा म्हटले जाते. खरे कारण भिंगात नसून उभे राहण्याच्या जागेत असते. एका ओळीत ३ मीटरच्या अंतराने उभ्या असलेल्या दोन माणसांचा विचार करू. पहिल्या माणसापासून ३ मीटरवर कॅमेरा ठेवला तर दुसरा ६ मीटरवर पडतो. चित्रात पहिला दुसऱ्याच्या दुप्पट मोठा दिसतो आणि दोघांतील अंतर डोळ्यांस जाणवते. तोच कॅमेरा मागे नेऊन पहिल्यापासून ३० मीटरवर ठेवला तर ही अंतरे ३० आणि ३३ मीटर होतात. आता पहिला दुसऱ्याहून दहाव्या हिश्शानेच मोठा दिसतो आणि दोघे एकमेकांस खेटून उभे आहेत, असा भास होतो. लांब भिंगाचे काम इतकेच की, ते दुरून घेतलेला हा लहानसा भाग मोठा करून दाखविते.

या भासाचा परिणाम किती दूरवर पोचतो, याचा अनुभव २०२० साली आला. कोविडच्या साथीत लोकांनी एकमेकांपासून अंतर राखावे, असे निर्बंध जगभर होते, आणि रस्त्यांवरील व किनाऱ्यांवरील गर्दीची छायाचित्रे पाहून लोक संतापत होते. तेव्हा डेन्मार्कमधील छायाचित्रकारांनी त्याच जागांची, त्याच माणसांची चित्रे दोन प्रकारे घेऊन दाखविली. दुरून लांब भिंगाने घेतलेल्या चित्रात माणसे दाटीने उभी दिसत. बाजूने रुंद दृश्याच्या भिंगाने घेतलेल्या चित्रात त्यांच्यामधील मोकळी जागा स्पष्ट दिसे. कोणत्याही चित्रात एक रेघही बदललेली नव्हती. न बदललेले चित्रही एखाद्यावर खोटा ठपका ठेवू शकते, हे यावरून उघड होते.

अंतराला आणखी एक बाजू आहे. रस्त्यापलीकडून लपून घेतलेल्या चित्रात माणसाच्या ध्यानीमनी नसलेला क्षण सापडतो. दोन मीटरवर उभे राहून घेतलेल्या चित्रात त्याची आणि विद्यार्थ्याची ओळख सापडते. जवळ जाण्यासाठी बोलावे लागते, विचारावे लागते, नकार ऐकून घ्यावा लागतो. पुष्कळ विद्यार्थी भिडेपोटी लांब भिंगाचा आश्रय घेतात आणि त्यास तंत्राचे नाव देतात.

अभ्यास : बसथांब्यावरील रांगेचे एक चित्र टोकाला उभे राहून दुरून, आणि दुसरे बाजूने जवळून घ्यावे. दोन्ही चित्रे थांबा न पाहिलेल्या मित्रास दाखवावीत आणि रांगेत किती माणसे असावीत व ती किती अंतरावर असावीत, हे त्यास विचारावे. उत्तरांतील फरक वहीत लिहून ठेवावा.

चौथा पाठ : प्रकाश

जेकब रीस हे न्यूयॉर्कमधील पत्रकार पोलिसखात्याच्या बातम्या देत असत. गरीब वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्यांत माणसे कशी राहतात, हे लोकांना डोळ्यांनी दिसावे, अशी त्यांची तळमळ होती. पण तेथे चित्र घेण्याइतका प्रकाश नव्हता. १८८७ साली क्षणात जळून लख्ख उजेड देणाऱ्या मॅग्नेशियमयुक्त भुकटीची माहिती त्यांना मिळाली आणि त्यांचा मार्ग खुला झाला. १८९० साली त्यांचे ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक निघाले. त्याने न्यूयॉर्कमधील घरांच्या दुरवस्थेकडे अनेकांचे लक्ष वेधले. परंतु या चित्रांतील कित्येक माणसे झोपेतून दचकून उठलेली, डोळे दिपलेली दिसतात. काही अंध माणसे राहत असलेल्या खोलीत चित्र घेताना भुकटीने भिंतीवरील कागदांना आग लागली आणि ती आपण कशीबशी विझविली, हे रीस यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्या तंत्राने अंधारातील माणूस जगाला दिसला, त्याच तंत्राने तो बेसावध पकडलाही गेला.

आजच्या फ्लॅशने आग लागत नाही. तथापि त्याचे भौतिकशास्त्र तेच आहे. लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. चेहरा १ मीटरवर आणि भिंत ४ मीटरवर असेल तर भिंतीवर चेहऱ्याच्या सोळावा हिस्सा प्रकाश पडतो. चेहरा उजळतो आणि खोली काळोखात बुडते. नीटनेटकी राखलेली खोली चित्रात कोंदट गुहेसारखी भासते. म्हणून फ्लॅश शक्यतो टाळावा. माणसास खिडकीजवळ किंवा दाराशी बसण्याची विनंती करावी, आयएसओ वाढवावा, कॅमेरा तिपाईवर ठेवावा. खोलीतला खराखुरा उजेड चित्रात येऊ द्यावा.

प्रकाशमापकावरही आंधळा विश्वास नसावा. मापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे गृहीत धरून काल व छिद्र सुचवितो. चुना दिलेल्या भिंतीपुढे सावळ्या वर्णाची स्त्री बसली असेल तर चौकटीचा मोठा भाग पांढरा असतो. मापक त्यास करडा करू पाहतो आणि चेहरा नको तितका काळा होऊन त्यावरील सगळे बारकावे बुडतात. मापन भिंतीवरून न करता चेहऱ्याजवळ जाऊन करावे, अथवा उद्भासन एक ते दीड पायरीने वाढवावे. भिंत थोडी अधिक पांढरी झाली तरी बिघडत नाही; चित्र भिंतीचे नसते.

पाचवा पाठ : टिपण

चित्राखालील मजकूर हा चित्राचाच भाग आहे. लुइस हाइन यांनी १९०८ सालापासून अमेरिकेतील राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी गिरण्या, खाणी व कारखाने येथे राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली. मुलांचे नाव, वय, गाव, काम आणि कामाचे तास ते शक्य तेथे टिपून घेत. मूल किती उंच आहे, हे स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून ते अजमावीत, अशी माहिती मिळते. ही टिपणे नसती तर ती चित्रे केवळ करुण वाटली असती. टिपणांमुळे ती पुरावा ठरली. बालमजुरीविरुद्धच्या चळवळीने या पुराव्याचा पुरेपूर उपयोग केला, आणि १९३८ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने बालमजुरीवर निर्बंध घालणारा टिकाऊ कायदा केला.

दुसरे उदाहरण विचार करावयास लावणारे आहे. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी मुलांसह बसलेल्या एका चिंताक्रांत मातेची काही छायाचित्रे घेतली. त्यांपैकी एक चित्र ‘मायग्रंट मदर’ या नावाने जगभर गेले. ते प्रसिद्ध झाल्यावर तळावर सरकारी धान्य पाठविण्यात आले. पण तोपर्यंत ते कुटुंब तेथून निघून गेले होते. लँग यांनी त्या बाईचे वय टिपले, नाव विचारले नाही. ती बाई म्हणजे फ्लॉरेन्स ओवेन्स टॉम्पसन, हे लोकांस कळले ते १९७८ साली. जगभर गाजलेल्या या चित्रातून आपल्याला काहीच लाभले नाही, अशी खंत त्यांनी तेव्हा व्यक्त केली. लँग यांचा हेतू उदात्त होता यात शंका नाही. तरीही चित्रात उरलेली व्यक्ती टिपणातून गळली आणि ती उणीव भरून निघण्यास बेचाळीस वर्षे लागली.

विद्यार्थ्याने प्रत्येक चित्रासाठी पुढील टिपण ठेवावे : स्थळ, तारीख आणि वेळ, छिद्र, काल, आयएसओ व केंद्रांतर, प्रकाश कोठून होता, माणूस काय करीत होता, संमती विचारली काय, आणि त्याचे उत्तर काय आले. नाव सांगण्यास ती व्यक्ती राजी असेल तर नाव लिहावे. नसेल तर नावाची जागा रिकामी सोडावी, मनचे नाव घालू नये. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याखेरीज चित्र घेऊ नये. एखादी गोष्ट मांडून घेतली असेल, म्हणजे ‘जरा हातोडी उचला’ असे सांगून चित्र घेतले असेल, तर तसे टिपणात स्पष्ट लिहावे. सांगून घेतलेले चित्र निषिद्ध नाही. न सांगता ते सहज घडलेले म्हणून दाखविणे हा मात्र लबाडीचा प्रकार होय.

काम कसे तपासावे

या पाठांच्या शेवटी विद्यार्थ्याने एकाच जागेची बारा चित्रे निवडून क्रमाने लावावीत. त्यांत निदान दोन चित्रे गती दाखविणारी, दोन संपूर्ण परिसर स्पष्ट दाखविणारी, दोन केवळ हातांची किंवा हत्यारांची आणि एक त्या जागेवर माणूस नसतानाचे असावे. शंभर चित्रे घेणे आज फारसे खर्चाचे राहिलेले नाही. बारा निवडणे मात्र पूर्वीइतकेच कठीण आहे, आणि शिक्षण बरेचसे तेथेच होते.

परीक्षकाने आणि स्वतः विद्यार्थ्याने प्रत्येक चित्रास तीन प्रश्न विचारावेत. या चित्रातून कोण गळले? ते कोणत्या तंत्रामुळे गळले : काल, छिद्र, अंतर की प्रकाश? आणि ते जाणूनबुजून गाळले की नकळत? या तीन प्रश्नांची उत्तरे जो देऊ शकतो, त्याचे चित्र थोडे काळवंडलेले किंवा किंचित हललेले असले तरी त्याला छायाचित्रण येऊ लागले आहे, असे समजण्यास हरकत नाही.

निवडलेल्या चित्रांची एकेक छापील प्रत ज्यांची ती चित्रे आहेत त्यांना नेऊन द्यावी, आणि चित्र पाहून ते काय म्हणाले ते टिपणवहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यावे. चांभार म्हणेल, ‘माझी ऐरण दिसतच नाही.’ हा त्या कामावरील पहिला जाणकार अभिप्राय होय. दुसऱ्या दिवशी ऐरण दिसेल असे चित्र घेण्यास विद्यार्थ्याने पुन्हा जावे.